सिस्टर, एक विचारू? : तीन दिवस परत आलेला डबा

गेल्या अंकात एका आजोबांना नशेच्या पावडरींबद्दल उत्तर देताना मी ‘एमडी काय नि आईस काय, सगळं एकच’ असं वाक्य लिहून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी आणि सुनेशी न पटणाऱ्या सासवा यांना आता पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागेल. हा अंक पावडरीचा. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात ३२ वर्षं नर्स होते, त्यातली १९ मनोविकार वॉर्डात. जे पाहिलं ते सांगते, औषधाचा डोस सांगत नाही.

प्रश्न : सिस्टर, तुम्ही चुकीचं लिहिलंत. मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन आणि आईस म्हणजे मेथॅम्फेटामिन. दोन वेगळी रसायनं आहेत. नर्सकडून ही अपेक्षा नव्हती.
– एक विद्यार्थी, कामठी रोड

उत्तर : चुकलं बाबा, कान पकडते.

आपल्याकडच्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत जी ‘एमडी’ असते ती बहुतेक वेळा मेफेड्रोन. पोट्टे तिला ‘म्याव म्याव’ पण म्हणतात. ती एक्स्टसी (एमडीएमए, पार्ट्यांतली नशेची गोळी) नव्हे आणि मेथही नव्हे. मेथॅम्फेटामिन म्हणजे मेथ, क्रिस्टल, आईस. काचेच्या खड्यांसारखं दिसतं म्हणून हे नाव. (आमच्या वॉर्डातल्या मावशींना हे नाव काही केल्या तोंडात बसेना. ‘सिस्टर, तो मेथीवाला उठला’ असं त्या सांगायच्या. मेथीनं मात्र कधी कुणाचं वाईट केलं नाही.) मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून एका रात्रीत ती पुन्हापुन्हा घेतली जाते. मेथ अंगात ठाण मांडतं. रक्तातलं निम्मं उतरायलाच साधारण दहा-बारा तास लागतात. मेफेड्रोन आपल्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत २०१५ साली आलं, मेथ आधीपासून होतं. दोन्हींना आज तराजू एकच आहे. २ ग्रॅमच्या आत ‘अल्प’ आणि ५० ग्रॅमच्या वर ‘व्यावसायिक’, म्हणजे किमान १० वर्षांची सक्तमजुरी. हा शेवटचा आकडा ‘फक्त एक पार्सल पोचवून दे’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकणाऱ्यांसाठी.

माझ्या वाक्यामागचं कारणही ऐकून घे. मूल तिसऱ्या रात्री जागं असतं तेव्हा आईला रसायन कळत नसतं. विकणाऱ्यालाही कळत नसतं, कारण पुडीत काय आहे हे पुडीवर छापलेलं नसतं. दोन्ही चीजा मेंदूकडून डोपामिनचा, म्हणजे आनंद जाणवून देणाऱ्या रसायनाचा, महिन्याचा पगार एका रात्रीत उचलतात आणि दोन्ही आधी झोप खातात, मग भूक, मग माणसांवरचा विश्वास. आईनं काय बघायचं ते दोन्हींत सारखंच आहे. पण तू परीक्षेत माझं वाक्य लिहू नकोस.

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दिवाळीपासून बदलला. तीन-तीन रात्री झोपत नाही, मग दीड-दोन दिवस उठत नाही. गालफडं बसली. मागच्या आठवड्यात रात्री दोनला पाहिलं तर त्यानं मिक्सर खोलून ठेवला होता. आता म्हणतो, समोरच्या गच्चीवरून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून राहिलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो. दप्तरात जळलेला चंदेरी कागद आणि काचेची नळी सापडली. त्याचा मित्र म्हणाला, ‘काकू, आईस असेल.’ ह्यांचं म्हणणं, शहराबाहेर एक केंद्र आहे, तिथली माणसं रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, तिथं टाकू. पोलिसांची भीती वाटते. नातेवाईकांत अजून कोणाला सांगितलं नाही.
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, मी मिक्सरपासून सुरू करते.

काही वर्षांपूर्वी एक वडील मुलाला घेऊन वॉर्डात आले. हातात कापडी पिशवी. ती त्यांनी माझ्या टेबलावर हलक्या हातानं रिकामी केली. घरातला रेडिओ, दोन मोबाइल, एक इस्त्री, सगळं सुटं. स्क्रू तेवढे वर्तमानपत्राच्या घडीत लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेनं लावलेले, सोनाराच्या कपाटात नथा असाव्यात तसे. वडील म्हणाले, ‘सिस्टर, पोट्टा हुशार आहे हो. सगळं खोलते. पण जोडत नाही.’ मुलगा बाजूच्या बाकावर बसून दात करकर वाजवत होता आणि डाव्या हातावरची एक खपली नखानं काढत होता. कातडीखाली किडे चालतात असं त्याचं म्हणणं.

ही सगळी त्या नशेची लक्षणं आहेत. एकाच कामात तासन्‌तास अडकणं, जबडा आवळणं, कातडी खाजवून फोडणं, तोंड कोरडं पडतं म्हणून बाटल्यांवर बाटल्या कोल्ड्रिंक पिणं आणि त्या साखरेनं दात किडणं. गच्चीवरचा माणूसही त्यातलाच. मेथ जास्त झालं आणि झोप नसली की संशयाचं वेड लागतं. तो नाटक करत नाही, त्याला तो माणूस खरंच दिसतो. घेणं बंद झालं की बहुतेकांचं हे वेड काही दिवसांत ओसरतं. काहींचं महिनोन्‌महिने रेंगाळतं, त्यांना औषधं चालू ठेवावी लागतात. ते ठरवणं मनोविकारतज्ज्ञाचं काम.

तोवर घरात काय करायचं? गच्चीवर कोणी नाही हे सिद्ध करायला जाऊ नका. ‘हो, आहे’ असंही म्हणू नका. ‘तुला भीती वाटून राहिली ना, मी इथंच बसते’ एवढं पुरतं. टीव्ही बंद, दिवा मंद, खोलीत एका वेळी एकच माणूस. यजमानांना सांगा, दारात उभं राहून जाब विचारायचा नाही. भ्यालेल्या माणसाचा रस्ता अडवला की तो अंगावर येतो. सुरी, विळी उचलून ठेवा.

छातीत दुखणं, डोकं फुटेल अशी वेदना, बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, झटका, किंवा अंग भाजल्यासारखं तापून बरळणं यांतलं काहीही दिसलं तर १०८ लावा आणि सरळ अपघात विभाग गाठा. मेथनं विशीतल्या पोरांनाही हृदयाचा झटका येतो, मेंदूत रक्तस्राव होतो. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. मेथ शरीराची भट्टी आतून पेटवतं, बाहेर ४५ अंश, आणि पोरगं पाण्याचा घोट न घेता दुपारभर बाइकवर. अशा मुलाला लोक ‘ऊन लागलं’ म्हणून आणतात आणि बाकीचं पोटात ठेवतात. डॉक्टरांपासून लपवू नका. खरं कारण कळलं तरच योग्य उपचार होतात.

आता त्या दीड-दोन दिवसांच्या झोपेबद्दल. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. तो इस्त्रीवाला मुलगा चौथ्या दिवशी तीन ताटं जेवला आणि गाढ झोपला. मी त्याच्या आईला म्हटलं, ‘सुटला आता, काळजी करू नका.’ सुट्टी झाली. घरी गेल्यावर दोन दिवसांनी त्यानं पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारायचं औषध घेतलं. वाचला. पण आईनं मला विचारलेला प्रश्न मी विसरले नाही : ‘तुम्हीच तर म्हणाल्या होत्या ना सिस्टर, सुटला म्हणून?’

नशा उतरते तेव्हा मन पार तळाला जातं. घरच्यांना वाटतं झोपतो आहे, खातो आहे, म्हणजे बरं आहे. खरा जागता पहारा तेव्हाच हवा. पहिले दहा-पंधरा दिवस त्याला एकटं ठेवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि शेतीचं औषध असेल तर तेही कुलपात. आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ते डोक्यात येत नाही, आधीच असलेलं बाहेर येतं. रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर माणूस बोलायला असतो.

ते उचलून नेणारं केंद्र नको. अशाच एका ठिकाणाहून आलेल्या मुलाच्या दोन्ही घोट्यांवर दोराचे वळ मी स्वतः हळद-तेलानं चोळले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नशेमुळे आलेला मानसिक आजारही येतो, आणि त्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला साफ मनाई आहे. मुलाची तयारी नसताना दाखल करायचं तर त्याचीही रीत कायद्यात दिली आहे. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, गाडी घेऊन येणाऱ्या चार धटिंगणांना तो अधिकार नाही. कुठलंही केंद्र बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा : नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ कधी येतो, आणि मला माझ्या मुलाला कधी भेटता येईल. तिसऱ्या प्रश्नाला ‘तीन महिन्यांनी’ असं उत्तर आलं तर चप्पल घालून परत या.

मेडिकल, मेयो, प्रादेशिक मनोरुग्णालय, मिहानचं एम्स, यांतल्या जवळ पडेल त्या मनोविकार ओपीडीत जा. तिथं जादूची गोळी मिळणार नाही. दारूसाठी, गर्दसाठी औषधं आहेत. मेथची ओढ तोडणारं मान्यताप्राप्त औषध अजून कुठंच नाही. ‘एका इंजेक्शनात सुटेल’ म्हणणारा खिसा कापतो आहे. झोप, संशय, उदासी यांवर औषधं मिळतात, बाकी काम समुपदेशनाचं, महिनोन्‌महिने चालणारं. जगभर सगळ्यात बरा गुण आलेली पद्धत ऐकाल तर हसाल. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, पुढची स्वच्छ आली की जरा मोठं. शिक्षा नाही, बक्षीस. यजमानांना हे पटायला वेळ लागेल.

तपासणीचं निघालंच म्हणून सांगते, औषधाच्या दुकानातली पट्टी आणून चोरून नमुना घेऊ नका. मेथ लघवीत दोन-चार दिवसच सापडतं, मेथच्या पट्टीवर मेफेड्रोन नीट उमटेल याचा भरवसा नाही, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही पट्टी खोटं बोलते. तुम्ही चुकीच्या पट्टीवरून त्याच्यावर आरोप केलात की तो पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही.

पोलिसांचं : अमली पदार्थ कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला ते नाहीच. उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाणं हा त्याचा हक्क आहे. काही विचारायचं असेल तर सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६.

आणि ताई, नातेवाईकांत एकाला तरी सांगा. सगळ्यांना नको, तोंडाचा पक्का असा एक माणूस निवडा. तुम्हालाही झोपायचं आहे.

प्रश्न : भाचा एमडी घेतो असं कळलं. बहिणीचं म्हणणं, लग्न लावून दिलं की जबाबदारी पडेल आणि सुधारेल. वर्ध्याकडची मुलगी पाहून ठेवली आहे. आमच्या घरात दोन मतं आहेत.
– एक मावशी, महाल

उत्तर : त्या मुलीच्या घरचा फोन नंबर तुमच्याकडे असेलच. आधी तिला खरं सांगा, मग मला पत्र लिहा. ती नर्स म्हणून तुमच्या घरी येत नाही. आणि नर्सला सुद्धा पगार असतो.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. हिंगण्याला रात्रपाळी, दिवसा स्पर्धा परीक्षेचा क्लास. झोप पुरत नाही. सोबतचा एक जण म्हणते, एकदा आईस घेतलं तर दोन दिवस डोळा लागत नाही, अभ्यास मस्त होते, एकदानं काही सवय लागत नाही. खरं आहे का? नाव छापू नका.
– हिंगणा एमआयडीसी

उत्तर : नाव कधीच छापत नाही रे.

तुझ्या मित्रानं सांगितलेली युक्ती त्याची नाही, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जुनी आहे. मेथॅम्फेटामिन पहिल्यांदा तयार केलं नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञानं, १८९३ साली. जर्मनीत १९३८ मध्ये ‘पर्व्हिटिन’ नावानं गोळ्या दुकानात आल्या आणि लढाई लागल्यावर सैनिकांना जागं ठेवायला वाटल्या गेल्या, १९४० च्या काही महिन्यांतच साडेतीन कोटींहून जास्त. गोळी घेतलेला सैनिक दोन दिवस चालायचा आणि मग दोन दिवस कुठल्याच कामाचा राहायचा नाही. १९४१ मध्ये जर्मन सरकारनंच त्यावर अफूसारखे निर्बंध लावले. जपानमध्ये कारखान्यांत रात्रपाळीसाठी हेच वाटलं, लढाई संपल्यावर साठे बाजारात आले आणि इतके लोक त्यात बुडाले की १९५१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. रात्रपाळीवर हा प्रयोग होऊन गेला आहे. तुझ्यावर नव्यानं करायची गरज नाही.

‘एकदा’बद्दल खरं ते सांगते, कारण खोटं सांगितलं तर तू माझं बाकीचंही ऐकणार नाहीस. एकदा घेतलेला प्रत्येक जण व्यसनी होत नाही. पण हृदय, मेंदूची रक्तवाहिनी आणि शरीराचं तापमान यांना ‘पहिलीच वेळ’ ही सवलत नसते. शिवाय तुझी अडचण रोजची आहे. रोजच्या अडचणीवर एकदाचा इलाज चालत नसतो, तो रोजचाच होतो. आणि अभ्यासाचं म्हणशील, तर जागं असणं आणि डोक्यात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. मी आयुष्यभर नाइट केल्या, म्हणून सांगते : पाळी सुरू होण्याआधी दीड तास झोप, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं डोकं टेबलावर, पहाटे तीननंतर चहा बंद, घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा आणि खोलीला जाड पडदा. दोन महिन्यांत जमलं नाही तर क्लास किंवा पाळी यातलं एक बदल.

तुझा मित्र हल्ली किती वेळा घेतो, ते त्याला एकदा सहज विचार.

प्रश्न : सिस्टर, मी चार महिने झाले काहीच घेतलं नाही. आधी एमडी, मग पुण्याला असताना आईस. आता घरी आहे, धरमपेठेत. सगळे म्हणतात छान झालं. पण मला कशातच काही वाटत नाही. मॅच पाहतो, काही वाटत नाही. तर्री पोहे आणले भावानं, माती खाल्ल्यासारखं. माझा मेंदू कायमचा गेला का? मग सोडून काय फायदा झाला?
– २२ वर्षं

उत्तर : बाळा, तू कसलंही ढोंग न करता हे लिहिलंस, म्हणून तुला सरळ उत्तर देते.

गेला नाही. दुखावला आहे. डोपामिनचं दुकान बराच काळ उधारीवर चाललं, आता माल यायला वेळ लागतो आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेथ सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले होते. सोडून वर्ष-सव्वा वर्ष झाल्यावर त्याच लोकांचे पुन्हा काढले, तर डोपामिनचा हिशेब ठेवणारी यंत्रणा बरीच भरून आलेली दिसली. मात्र स्मरणशक्तीच्या आणि हाताच्या चपळाईच्या परीक्षेत सुधारणा तेवढी नव्हती. म्हणजे वेळ महिन्यांत मोजायचा, आठवड्यांत नाही, आणि सगळं पहिल्यासारखं होईल अशी हमी मी देणार नाही. चौथा महिना फसवा असतो. लोकांचं कौतुक संपलेलं असतं आणि चव आलेली नसते. बरीच पोरं इथंच घसरतात. घसरणं म्हणजे सगळं वाया गेलं असं नव्हे, पण इतक्या दिवसांनी पहिल्याएवढीच मात्रा घेणं फार धोक्याचं, हेही तुला माहीत असावं.

मजा येते का ते आत्ता तपासूच नकोस. सकाळी ठरल्या वेळी उठ, अंबाझरीला घाम येईस्तोवर चाल, ठरल्या वेळी जेव. जुने नंबर भावाकडून खोडून घे. उदासी दिवसभर बसून राहत असेल, किंवा जगावंसं वाटत नसेल, तर याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. त्यावर औषध आहे आणि ते घेणं म्हणजे पुन्हा नशा करणं नव्हे. भाऊ पोहे आणतो आहे, त्याला आणू दे. त्याला आवडतंय म्हणून खा.

प्रश्न : आम्ही नंदनवन भागातल्या एका मंडळाचे कार्यकर्ते. वस्तीतली तीन पोरं पावडरीच्या नादी लागली. आम्ही स्वस्थ बसलो नाही. त्यांचे फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकले म्हणजे बाकीचे घाबरतील. सडलेल्या दातांचे मोठे फ्लेक्स लावणार आहोत. या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत ड्रग्जवाल्याचा बडग्या (जाळायचा पुतळा) काढायचा विचार आहे. तुम्ही व्याख्यानाला यावं ही विनंती. आणखी काय करता येईल?
– सचिव, सार्वजनिक मंडळ

उत्तर : सचिवभाऊ, आधी ते फोटो काढा. आज. माझा राग येईल, पण ते फोटो विकणाऱ्याच्या कामाला आले. त्या तीन पोरांना आता वस्तीत फक्त त्याच्याच दारात मान आहे. आणि चौथा पोरगा, ज्यानं अजून एकदाच घेतलं असेल, तो आता मेला तरी आईला सांगणार नाही.

बडग्या जरूर काढा. ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडल्यावर छाती मोकळी होते, मी स्वतः इतवारीत उभी राहून ओरडले आहे. पण बडगे दरवर्षी निघतात, दरवर्षी जळतात, आणि भ्रष्टाचार, डास, महागाई अजून इथंच आहेत. फ्लेक्सचं तर नकोच. अमेरिकेत मोंटाना राज्यात २००५ पासून असेच सडके दात आणि फोडांचे भयंकर फोटो गावोगाव लावले. पुढं अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा त्या जाहिरातींमुळे पोरांचं मेथ घेणं कमी झालं असं दिसेना. पोरं फोटो बघतात, मग घेणाऱ्या मित्राकडे बघतात, त्याचे दात तर पांढरेशुभ्र असतात. झालं, तुमचं सगळंच खोटं ठरलं.

मला विचाराल तर वस्तीला डोळे आधीच आहेत, फक्त कोणी त्यांना विचारत नाही. माझ्या ओळखीच्या एक काकू बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना डबे पुरवतात. एकदा संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, स्टीलचा चार खणी डबा हातात. उघडून दाखवला. पोळ्या वाळून कडक, वरणावर साय धरलेली, भाजीला बोट लागलेलं नाही. म्हणाल्या, ‘सिस्टर, तीन दिवस झाले, एका पोट्ट्याचा डबा असाच परत येऊन राहिला. आणि रात्री तीनले खोलीत लाइट. ताप असता तर झोपला असता ना?’ कुठल्या डॉक्टरला इतकं नेमकं निदान जमलं असतं? त्यांनी आरडाओरडा केला नाही, घरमालकाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः डबा घेऊन वर गेल्या आणि तो जेवेपर्यंत चौकटीत बसून राहिल्या. नंतर आम्ही दोघींनी त्याच्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. पोरगा वेळेत ओपीडीत पोचला. पुढं वर्ष वाया गेलं त्याचं, पण एवढ्यावर निभावलं.

तेव्हा मंडळाच्या बैठकीला डबेवाल्या काकूंना बोलवा, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना, रात्रीच्या चौकीदाराला, जिमवाल्याला, दातांच्या डॉक्टरलाही. त्यांना हेरगिरी शिकवायची नाही. झोप, डबा, वजन, अचानक तुटलेले जुने मित्र, घरातून गायब होणाऱ्या वस्तू, एवढं दिसलं तर कोणाला सांगायचं ते एक नाव ठरवायचं. असं एक माणूस, शक्यतो बाई, जिच्या पोटात गोष्ट राहते. ते तुम्ही नाही, सचिवभाऊ. तुम्ही फोटो टाकलेत.

आइसलँड म्हणून एक चिमुकला देश आहे. तिथं १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांपैकी ४२ टक्के पोरांनी महिन्याभरात झिंगेपर्यंत दारू प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये तो आकडा ५ टक्क्यांवर आला. गोष्ट मुख्यतः दारू-सिगारेटची आहे, मेथची नाही, आणि थंड देशाची आहे. पण त्यांनी केलं काय? भाषणं कमी केली. पोरांच्या संध्याकाळी भरल्या : खेळ, गाणं, क्लब, त्यासाठी पालिकेचे पैसे. आईबापांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले. आणि शनिवार-रविवारच्या रात्री पालक टोळीनं वस्तीत फेरफटका मारू लागले. अहो, याला आपण शतपावली म्हणतो! आपल्याकडे ती कूलरच्या हवेत बसून मोबाइलवर चालते एवढंच. साडेनऊला जेवणं झाली की दहा-बारा आईबाप मैदानाच्या बाजूनं, बंद पडलेल्या शाळेच्या मागून, पाण्याच्या टाकीखालून गप्पा मारत हिंडले, तर तिथं अंधारात धंदा करणाऱ्याला जागा बदलावी लागते. हातात काठी नको. पोरं भेटली तर ‘जेवलास का रे?’ एवढंच विचारायचं.

गणपतीच्या वर्गणीतून मैदानावर दोन दिवे आणि एका व्हॉलीबॉल शिकवणाऱ्याचा पगार निघेल. शिकवायला त्या तीन पोरांतला जो आधी उपचाराला जाईल त्याला ठेवा. हे तुम्हाला पटणार नाही, तरी लिहून ठेवते.

विकणाऱ्याला स्वतः पकडायला जाऊ नका, मार खाल किंवा मार द्याल, दोन्ही वाईट. केंद्र सरकारची ‘मानस’ हेल्पलाइन आहे, १९३३. नाव न सांगता माहिती देता येते. शाळकरी पोरांच्या हातून पुड्या फिरवतात असं दिसलं तर ते आवर्जून सांगा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाकडून अमली पदार्थ विकून घेणाऱ्याला, वाहून नेववणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. त्या पोराला मात्र गुन्हेगार म्हणून वस्तीत हिणवू नका, तो आधी बळी आहे.

व्याख्यानाला मी येणार नाही. माइक हातात आला की मी पण दातांचेच किस्से सांगते. शतपावली सुरू कराल त्या रात्री बोलवा, येते. गुडघे दुखतात, तेव्हा वेग जरा बेतानं ठेवा.